गहू बंद झाला आणि आळणाचा प्रश्न आला

मागच्या दिवाळीनंतर आमच्या पोराला सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार. गहू, मैदा, रवा, जव सगळं कायमचं बंद. पोळीचं एवढं वाटलं नाही, आम्ही भंडारा जिल्ह्यातले, धानाचा पट्टा, भात रोजचाच. अडलं ते रस्स्यावर. आमच्या घरी वांग्याच्या रस्स्याला कणकेचं आळण लावायची सवय, म्हणजे रस्सा दाट करायला पीठ लावायचं, मूठभर कणीक पाण्यात कालवली आणि सोडली की झालं. सासूबाई म्हणाल्या, "अवं, आळण नाई लावलं त रस्सा ताटात पळन ना!"

पहिल्यांदा तांदळाचं पीठ घेतलं आणि सरळ उकळत्या रस्स्यात टाकलं, गुठळ्याच गुठळ्या, एक फोडून पाहिली तर वरून चिकट आणि आत कोरडं पांढरं पीठ तसंच. बाहेरचा थर लगेच शिजतो मग आत पाणी जातच नाही. आता आधी थंड पाण्यात कालवते, चार वाट्या रस्स्याला दोन मोठे चमचे, आणि कच्चा वास जाईपर्यंत सात-आठ मिनिटं शिजू देते. थंड झालं की अजून घट्ट होतं म्हणून उतरवताना थोडं पातळच ठेवायचं.

कॉर्नफ्लोअर तांदळाच्या पिठाच्या निम्मंच लागतं, चकाकी पण येते. पण टोमॅटोच्या सारात घालून मी बराच वेळ उकळत ठेवलं तर आधी दाट झालेलं पुन्हा पातळ झालं, आंबट आणि जास्त उकळणं दोन्ही त्याला चालत नाही, आता शेवटी घालते आणि एक उकळी आली की बंद. शिंगाड्याचं पीठ आमच्याकडे तलावांमुळे सहज मिळतं, पण त्याला जराशी गोडसर चव असते, तिखट रस्स्यात मला नाही आवडलं. तिखुराची, म्हणजे हळदीसारख्या कंदाच्या सत्त्वाची, दुधातली खीर मात्र पोराला फार आवडते.

कढीला बेसन आधीपासून होतंच, त्याने दही फाटत नाही, म्हणून मी निश्चिंत होते. आणि तिथेच चुकलं. महिनाभराने पोराचं पोट पुन्हा बिघडलं, मला रात्र रात्र झोप नाही, घरात गव्हाचा दाणा नाही मग हे कशामुळे. मग लक्षात आलं, डाळ मी चक्कीवर दळून आणली होती आणि माझ्या आधी कोणाचातरी गहू दळून झाला होता. त्याच दिवशी हिंगाची डबी उलटून वाचली, त्यावर गव्हाचं पीठ लिहिलेलं, खूप रडू आलं मला.

आता बेसन आणि तांदूळ घरीच मिक्सरवर काढते, डबे वेगळे, चमचे पण वेगळे, हिंग तांदळाच्या पिठातलं पाहून घेते. पंगतीत गेलो की आधी आचारीदादांना विचारते, "दादा, रस्स्याला आळण कशाचं लावलं?" त्यांनी कणीक सांगितली की पोराचा डबा काढते.