सिस्टर, तुमच्या घरातलं असतं तर?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला मिरजेत आयसीयूच्या दारात विचारतात, सांगलीत नणंदेकडे हळदीकुंकवाला विचारतात, नर्सिंगच्या मुलींचा तास घ्यायला जाते तिथंही एखादी विचारतेच. ब्रेन डेड माणसाचे अवयव द्यावेत असं तुमचं हॉस्पिटल सांगतं, पण सिस्टर, तुमच्या घरातलं कोणी असतं तर तुम्ही दिले असते का?

पेशंटच्या कॉटजवळ मी याचं उत्तर देत नाही, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. त्यावरून जो तो आपला अर्थ काढतो. सिस्टरचीच खात्री नाही म्हणतात. एका पाहुण्यांनी तर जेवायला बसल्यावर विचारलं, एका केसमागे तुम्हाला किती मिळतात?

काही मिळत नाही. अवयवांची खरेदी-विक्री १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणता अवयव कुणाला जाणार हे पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयववाटप बघणाऱ्या विभागीय केंद्राच्या, प्रतीक्षायादीवरून ठरतं, आमच्या वॉर्डात नाही. संमतीनंतर शरीर सांभाळायचा आणि अवयव काढायचा खर्च दात्याच्या घरच्यांकडून घ्यायचा नाही, असा नियम आहे. हा विषय इथंच संपवते, कारण मला बोलायचंय ते वेगळं.

कायद्याने सगळ्यांची कामं वाटून दिलीत. ब्रेन डेथ, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलाय हे, ठरवायला चार डॉक्टर लागतात, आणि त्यांतला एकही प्रत्यारोपणाच्या टीममधला चालत नाही. सगळ्या तपासण्या दोनदा, मध्ये किमान सहा तासांचं अंतर. नातेवाइकांना विचारायचं ते डॉक्टरांनी, अवयवदानाचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरला बरोबर घेऊन. या सगळ्या कागदांत नर्सच्या मताला कुठेच जागा नाही, आणि नसावी असंच मलाही वाटतं. पण डॉक्टर येतात, समजावून सांगतात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. दर दोन तासांनी कूस बदलणारी, तोंड पुसणारी, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालून पापण्या मिटवणारी, लघवीची पिशवी मोजणारी मी असते. नातेवाइकांना काचेतून मीच दिसते. मग प्रश्न माझ्याकडेच येणार.

त्यात ते मधले सहा तास. पहिली तपासणी झालेली असते, दुसरी व्हायची असते. बाहेरून कोणीतरी विचारतं, “आता कसा आहे वं?” काय सांगायचं? कायद्याने तो अजून जिवंत आहे. मी मात्र आदल्या रात्रीच ओळखलेलं असतं. कफ ओढायची सक्शनची नळी आत घातली की बेशुद्ध माणसालाही ठसका येतो. ज्या रात्री तो येत नाही, त्या रात्री माझे हात थांबतात. तरी त्या सहा तासांत मी त्याला दाता म्हणून बघत नाही. त्याचं बीपी मी त्याच्यासाठी सांभाळते, किडनीसाठी नाही. हे लोकांना पटत नाही, बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही कामं सारखीच दिसतात. मला मात्र फरक कळतो, आणि संमतीच्या आधी कोणी अवयवांचा विषय काढून घाई करायला लागलं तर मी आडवी जाते.

आता जतकडच्या मुलाचं सांगते. गाव आणि ओळख पटेल असं काही लिहीत नाही. गळीत हंगाम सुरू होता. रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकली. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नव्हता, पोराच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. आमच्याकडे आला तेव्हा डोळ्याची एक बाहुली मोठी झालेली, दुसरी दिवस उजाडेपर्यंत झाली. मग लघवी सुरू झाली, पाण्यासारखी पांढरी. तासा-तासाला पिशवी भरायला लागली. मेंदूचं नियंत्रण सुटलं की असं होतं. ती आवरायला व्हासोप्रेसिन लावलं, बीपीसाठी नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पंप आधीच चालू होता.

पहिली तपासणी संध्याकाळी झाली. कापसाचं टोक बुबुळाला लावलं, कानात बर्फाचं पाणी सोडलं, घशात नळी हलवून बघितली. कशालाच काही नाही. शेवटी अ‍ॅप्निया टेस्ट. व्हेंटिलेटर सोडवतात, ऑक्सिजन चालू ठेवतात, आणि छाती हलते का बघत सगळे उभे राहतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर गेला तरी छाती हलली नाही. दुसऱ्या वेळी, मध्यरात्रीनंतर, तेच. चौघांच्या सह्या झाल्या. डॉक्टरांनी आणि कोऑर्डिनेटरने घरच्यांना खोलीत बसवून सांगितलं. वडील गप्प होते, पण मान हलवत होते. मामा म्हणाला, पोराचं नाव तरी राहील. सगळ्यांना वाटलं, संमती मिळणार.

आईला आत यायचं होतं. घरात त्यांच्या कानडी, माझ्याशी मराठी बोलायच्या. पदरात नरसोबाच्या वाडीच्या तीर्थाची छोटी बाटली होती. तोंडात घालू का म्हणाल्या. तोंडात नळी होती, म्हणून मी कापूस भिजवून दिला आणि ओठांना लावा म्हटलं. त्यांनी ओठांना लावला, कपाळाला लावला, मग पायाशी गेल्या आणि तळव्यावरून हात फिरवला. अंगठा हलला. बोटं आत वळली आणि सरळ झाली.

“हललं बघा! अक्का, हललं पोरगं!”

असं होतं. ते मणक्यातून येतं, त्याला मेंदू लागत नाही. ब्रेन डेड माणसाचा कधी कधी हातसुद्धा उचलला जातो. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी नीट सांगितलं, मीही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टर गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

“अक्का, तुमचं लेकरू असतं तर दिलं असतं का वं तुम्ही?”

मी म्हटलं, “आई, तुमच्या जागी मी नाही. तुम्ही जे ठरवाल त्यात मी तुमच्याबरोबर आहे. घाई करू नका.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मग पोराच्या पायावरची चादर सारखी केली आणि बाहेर गेल्या. पहाटे त्यांनी नाही म्हणून सांगितलं. वडील आणि मामा त्यांच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. सकाळी कोऑर्डिनेटर माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, “त्यांनी कारण काय दिलं माहितीये? सिस्टरसुद्धा हो म्हणाली न्हाई.”

दोन किडन्या आणि लिव्हर धरलं तरी तीन माणसं. ती हे बोलली नाही, तिला बोलायची गरज नव्हती. मला तो हिशेब येतो.

त्यानंतर तो मुलगा दोन दिवस माझ्याकडेच होता. याबद्दल कोणी विचारत नाही, पण विचारायला हवं. चार सह्या झाल्या होत्या, तरी व्हेंटिलेटर चालू राहिला. आपल्याकडे ब्रेन डेथला मृत्यू म्हणणारा कायदा हा अवयवदानाचा कायदा आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा मृत्यूची व्याख्या करतो, त्यात मेंदूचा उल्लेख नाही. मग संमती नाकारली की मशीन काढायचं कोणी आणि कशाच्या आधारावर? डॉक्टर कचरतात, घरचे सांगायला धजत नाहीत, बिल वाढत राहतं. मी त्याची कूस बदलत होते. “दादा, डावीकडे वळवते हं” असं म्हणतही होते. मेलाय म्हणता मग बोलता कशाला, असंही मला विचारतात. आम्हाला हात लावण्याआधी सांगायला शिकवलंय. शवागारात पाठवण्याआधी अंग पुसतानाही मी सांगते. त्यात तो जिवंत असल्याची शंका नसते. तिसऱ्या दिवशी दुपारी हृदय थांबलं, आणि अपघाताची केस म्हणून मग पोलीस, पोस्टमॉर्टेम, सगळं ओघाने आलंच.

तुम्ही म्हणाल, हो म्हणायला काय जात होतं? पूर्वी मी म्हणायचे. नोकरीला लागले तेव्हापासून कितीतरी वर्षं माझं उत्तर तयार होतं: “हो, मी लगेच दिले असते.” मनापासून म्हणायचे, त्यात खोटं काही नव्हतं. एका वडिलांनी ते ऐकून सही केली होती. पुढे बऱ्याच महिन्यांनी ते वॉर्डात आले. मुलीच्या किडन्या कुणाला दिल्या ते त्यांना कळणार नव्हतं, तसा नियमच आहे, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. ते मला शोधत आले होते. म्हणाले, “बाई, तुम्ही म्हणालात म्हणून दिलं. बरोबरच झालं ना?” मी हो म्हटलं. पुन्हा काही महिन्यांनी आले, पुन्हा तेच विचारलं. निर्णय त्यांचा होता, पण तो त्यांच्यापाशी राहिलाच नव्हता, माझ्या एका वाक्यावर टांगलेला होता. रात्री तीन वाजता, झोप नसलेल्या माणसासमोर युनिफॉर्ममधली बाई ‘हो’ म्हणते तेव्हा ते नुसतं मत राहत नाही. तेव्हापासून मी बेडजवळ बोलायचं सोडलं.

ती जुनी मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, त्या वडिलांना दोनदा धीर द्यायला लागला एवढंच ना? त्या बदल्यात डायलिसिसवरची दोन माणसं घरी गेली. तुझ्या गप्प राहण्याचाही दबावच पडला, फक्त उलट्या बाजूने. त्या आईला तुझ्या तोंडावर शंका दिसली, आणि तुझ्या मनात शंका नव्हती, मग ती तशी का दिसू दिलीस? यावर माझं म्हणणं असं, की पोटच्या पोराबद्दल हो म्हणायचं तर ते आईने स्वतःच्या जोरावर म्हणावं. ती म्हणते, रात्री तीन वाजता कुठल्या आईकडे असा जोर असतो? इथं मी अडकते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, कारण इथं कोणाची कॉट शेजारी नाही.

माझे अवयव मी दिलेत. फॉर्म भरलाय, आणि घरी इतक्यांदा सांगितलंय की मुलगा म्हणतो, आई, पाठ झालं. सांगावं लागतं. कार्ड असलं तरी त्या वेळी सही घरच्यांचीच लागते, ते नाही म्हणाले की विषय संपला. मिस्टर म्हणतात, काय ते कर, पण डोळे नकोत. का नकोत ते सांगत नाहीत. नेत्रदान तर हृदय थांबल्यावरही सहा तासांत होतं, ते सगळ्यांत सोपं, पण त्यांचं तिथंच अडतं आणि मी जोर करत नाही.

मुलाचं विचाराल तर माझं उत्तर रोज एक नसतं. ड्यूटीवर असते तेव्हा हो. तो मोटारसायकलवरून इस्लामपूरला गेलेला असतो आणि फोन उचलत नाही, तेव्हा हा प्रश्न मनात आणायचीही माझी तयारी नसते. ब्रेन डेथवर माझा विश्वास नाही असा याचा अर्थ काढू नका. ठसका थांबलेला मी माझ्या हाताने अनुभवलाय, त्यानंतर कोणी परत आलेलं बघितलेलं नाही. शंका शास्त्राबद्दल नाहीच. त्या खोलीत आई म्हणून बसल्यावर मला माहीत असलेलं सगळं मला आठवेल का, एवढंच सांगता येत नाही.

कोऑर्डिनेटरशी यावर माझा अजून वाद चालतो. तिचं म्हणणं, निदान स्वतःचा फॉर्म भरलाय एवढं तरी सांग, ते मत नाही, घडलेली गोष्ट आहे. मला ते पटलं. परवा एका बाईंनी विचारल्यावर सांगितलं, “माझ्यापुरता मी फॉर्म भरलाय.” त्या लगेच म्हणाल्या, “स्वतःचं द्यायला काय वं, सोपं असतंय. मी लेकाचं विचारतोय.”

मी म्हटलं, “ते मलाही माहीत नाही, आई,” आणि त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले. त्या बाईंनी पुढे सही केली की नाही ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही त्यावरून ठरवाल की मी बरोबर वागले की चुकले, आणि त्यांनी जे केलं ते माझ्यासाठी केलेलं नव्हतं.