घरी आणि बँडमध्ये एकच ट्यूब कॉम्बो : निवडतानाचा माझा अनुभव

मला गिटारसाठी एकच ट्यूब कॉम्बो ॲम्प हवा होता, म्हणजे काचेच्या निर्वात ट्यूबवर चालणारा आणि ॲम्प-स्पीकर एकाच पेटीत असलेला. घरी रोज वाजवायला तोच आणि ड्रमरसोबत सरावाला न्यायलाही तोच. दोन ठिकाणी दोन वेगळे ॲम्प असले की हाताला धड एकाचीही सवय होत नाही, असं माझं ठाम मत आहे. तार जरा जोरात छेडली की आवाज किती फाटतो, हात हलका केला की किती स्वच्छ होतो, हे बोटांना पाठ व्हावं लागतं. ट्यूबचा हट्टही त्याचसाठी. ट्यूब ॲम्प फाटतो तो एकदम नाही, हळूहळू, आणि त्या मधल्या टप्प्यातच मला सगळ्यात जास्त वाजवायला आवडतं.

सल्ला सगळीकडे एकच मिळतो : घरासाठी ५ वॅट, बँडसाठी ३० ते ४० वॅट. मी आधी त्याचं गणित मांडून पाहिलं. घरी कुणाला त्रास न होता मी जेवढ्या आवाजात वाजवते, तो फोनच्या ॲपवर एक मीटर अंतरावरून ७५ ते ८० डेसिबलच्या मध्ये येत होता. असं मोजमाप ढोबळच असतं, पण कामापुरतं चालतं. गिटारच्या साधारण स्पीकरची संवेदनशीलता ९७ डेसिबल धरली, तर एका वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबल मिळतात. आपल्याला हवेत ७७. म्हणजे २० डेसिबल कमी, म्हणजेच वॅटचा शंभरावा हिस्सा! ५ वॅटचा ॲम्प पूर्ण रेटला तर १०४ डेसिबलपर्यंत जातो. तेव्हा ॲम्प ५ वॅटचा असो की ४० चा, त्याच्या पॉवर ट्यूब, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्यूब, घरच्या आवाजात फाटणारच नाहीत. घरासाठी कमी वॅट बघण्यात फारसा अर्थ नाही, हे इथेच कळलं आणि बघायच्या ॲम्पची अर्धी यादी बाजूला पडली.

दुसऱ्या टोकालाही तेच. वॅट दुप्पट झाले की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. १५ वॅट आणि ३० वॅट यांत जेवढा फरक, तेवढाच ९७ आणि १०० डेसिबलच्या दोन स्पीकरमध्ये. सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक स्पीकर ९८ चा आहे आणि व्हिंटेज ३० शंभरचा. ॲम्प बघताना लोक वॅट विचारतात, आत स्पीकर कुठला आहे ते क्वचितच कुणी विचारतं. मी तो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला लागले.

मग खरा प्रश्न उरला : ड्रमच्या शेजारी माझा स्वच्छ आवाज कुठपर्यंत स्वच्छ राहतो? ते कागदावर कळत नाही. त्यामुळे ओळखीतल्या वादकांचे ॲम्प सरावाच्या खोलीत मागवून ऐकले. पद्धत प्रत्येक वेळी एकच ठेवली. गिटार माझी, केबल माझी, पेडल एकही नाही, रिव्हर्ब शून्यावर, टोनचे नॉब मध्यावर. ड्रमर वाजवायला लागला की एक ई कॉर्ड पूर्ण जोरात छेडायची आणि तिच्यातले सगळे स्वर वेगळे ऐकू येतात का ते बघायचं. मग गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणायचा आणि तीच कॉर्ड पुन्हा. चांगला ॲम्प इथे नुसता हळू होत नाही, त्याचा पोत बदलतो. जाडसर, किंचित खरखरीत आवाज मोकळा होत जातो आणि वरच्या तारा चमकायला लागतात. ज्या ॲम्पवर हे घडत नव्हतं, त्यावर मी पुढे वेळ घालवला नाही.

आणखी एक गोष्ट : कान स्पीकरच्या उंचीवर आणून ऐकायचं. कॉम्बो जमिनीवर असतो आणि बारा इंची स्पीकर तीव्र स्वर सरळ रेषेत समोर फेकतो. उभं राहून जो आवाज गोड वाटतो, तोच समोर बसलेल्याच्या कानात टोचतो. मी दर वेळी गुडघ्यावर बसून ऐकलं आणि ट्रेबल जवळजवळ प्रत्येक वेळी कमी करावा लागला.

एकाच ६व्ही६ पॉवर ट्यूबवर चालणारा ५ वॅटचा, आठ इंची स्पीकरचा ॲम्प एकट्याने ऐकायला फार सुंदर होता. पण ड्रम सुरू झाल्यावर त्याच्याकडे स्वच्छ आवाज उरलाच नाही. ईएल८४ या पॉवर ट्यूबची जोडी असलेले १५ वॅटचे कॉम्बो, म्हणजे फेंडर ब्लूज ज्युनियर किंवा व्हॉक्स एसी१५ या जातीचे, बँडमध्ये सहज ऐकू येत होते. त्यांचा मध्यम पट्टा पुढे येतो आणि ते लवकर फाटतात. रॉकच्या रिदमला ते मला अगदी योग्य वाटले, पण माझ्या कामात स्वच्छ आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे स्वर एकेक करून छेडणं, बरेच असतात. ६एल६ जोडीचा ४० वॅटचा कॉम्बो उलट टोकाचा. कितीही रेटा, स्वच्छ तो स्वच्छच, आणि मला हवा तो मधला टप्पा आमच्या सरावाच्या आवाजाच्या कितीतरी वर सुरू होत होता. एसी३० मध्ये ईएल८४ च्या चार ट्यूब आणि बारा इंची दोन स्पीकर. आवाज भरभरून, पण वजन तीस किलोच्या वर. जिने चढून न्यायचा ॲम्प मी एकदा तरी उचलून पाहिल्याशिवाय घेणार नव्हते.

शेवटी मन बसलं ते फेंडर डिलक्स रिव्हर्बच्या रचनेवर : ६व्ही६ ची जोडी, २२ वॅट, बारा इंची एक स्पीकर. आमच्या सरावात व्हॉल्यूम चार-पाचच्या मध्ये असताना हलक्या हाताला स्वच्छ आणि जोरदार हाताला फाटका, अगदी हवा तसा. त्यात मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाजाचा वेगळा नॉब) नाही, इफेक्ट्स लूप (ॲम्पच्या पहिल्या भागानंतर, म्हणजे प्रीॲम्पनंतर, पेडल जोडायची सोय) नाही, मिडचा नॉबही नाही. लूप मला लागत नाही, कारण माझं ड्राइव्ह, म्हणजे फाटका आवाज, पेडलमधून येतं आणि प्रतिध्वनी देणारा डिले त्याच्या मागे लावला की काम होतं. जे ॲम्पच्याच प्रीॲम्पचं ड्राइव्ह वापरतात, त्यांनी मात्र लूप नसलेला ॲम्प घेऊ नये. नाहीतर डिलेचे प्रतिध्वनीही ड्राइव्हमध्ये फाटतात आणि सगळा गाळ होतो.

नवा न घेता वापरलेला शोधला. पहिला जो मिळाला, त्याचा प्रीॲम्प ट्यूब पेन्सिलीने हलकेच टकटकवला तर स्पीकरमधून डब्यावर खडा पडावा तसा टणत्कार आला आणि लांबत राहिला. ट्यूब मायक्रोफोनिक झाल्याची ही खूण. तेवढं असतं तर ट्यूब बदलून भागलं असतं, पण वीजपुरवठ्यातली घरघर गाळणारे जुने फिल्टर कपॅसिटर कधी बदलले, त्यालाही उत्तर नव्हतं आणि न वाजवताही घरघर मोठी होती. तो सोडला. दुसऱ्याच्या बाबतीत आधी मागची पाटी वाचली. १२० व्होल्टचा ॲम्प २३० व्होल्टच्या लाइनला लावला तर संपलाच. हा बरोबर व्होल्टेजचा होता, घरघर नगण्य होती, सगळे नॉब खरखर न करता फिरत होते.

पॉवर ट्यूब जुन्या होत्या, त्या बदलताना बायस, म्हणजे न वाजवताही ट्यूबमधून वाहणारा प्रवाह, तंत्रज्ञाकडून लावून घेतला. आत ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो. तिथे आपण हात घालायचा नाही. स्पीकर न जोडता ॲम्प चालू करायचा नाही, हेही तितकंच कडक, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

घरी नॉब दोनच्या आतच राहतो आणि तिथे तो फार चटकन वाढतो. म्हणून माझ्या चॅनेलच्या पहिल्या १२एएक्स७ या प्रीॲम्प ट्यूबच्या जागी ५७५१ लावला. १२एएक्स७ चा वर्धनांक १००, याचा ७०. त्यामुळे नॉब थोडा सावकाश चढतो. फाटका आवाज पेडल देतं, ॲम्प स्वच्छच ठेवते. कमी आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. त्यामुळे घरी बास सहावर असला तरी सरावाला गेल्यावर आधी तो तीनवर आणते. तसं केलं नाही तर बास गिटारशी टक्कर होते.

सरावाला ॲम्प भिंतीला चिकटवत नाही. मागची बाजू उघडी असल्याने अर्धा आवाज तिकडून येतो आणि भिंत जवळ असली की बास फुगतो. वीतभर अंतर सोडते आणि ॲम्प मागे कलता ठेवते, म्हणजे स्पीकरचं तोंड माझ्या कानाकडे येतं. बरोबरच्या पिशवीत याच ॲम्पवर बायस तपासून घेतलेली ६व्ही६ ची एक जोडी, एक १२एएक्स७ आणि बरोबर रेटिंगचे फ्यूज असतात.