जुना संगणक, नवी हार्ड डिस्क आणि ‘नो ड्राइव्ह’

नौपाड्यातील आमच्या अक्षरजुळणीच्या कामासाठी मी आजही विंडोज एक्सपीवर चालणारा एक जुना संगणक वापरते. तो बदलत का नाही, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर ठरलेले आहे. संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांची जुनी पाने युनिकोडपूर्व (आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेताआधीच्या) मराठी टंकांत, पेजमेकर या पानजुळणीच्या प्रणालीत बांधलेली आहेत. त्या टंकांच्या प्रणालीचे नक्कल रोखणारे कुलूप (डोंगल) प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टात बसते, आणि असे पोर्ट आजच्या संगणकांना बहुधा नसते. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीला सुधारणा पुरवणे थांबवले, त्यामुळे या संगणकाला इंटरनेटची वायर मी जोडत नाही. पण एखाद्या संस्थेला आपली दहा वर्षांपूर्वीची घटना, म्हणजे नियमावली, जशीच्या तशी पुन्हा छापून हवी असली, की याच्याशिवाय माझे चालत नाही.

त्याच्या ४० जीबीच्या हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला आणि क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रणालीने निकामी झालेल्या सेक्टरांविषयी (डिस्कवरील साठवणीच्या छोट्या कप्प्यांविषयी) पिवळा इशारा दिला, तेव्हा ती बदलण्याचे ठरवले. जुनी डिस्क आयडीई प्रकारची, म्हणजे ४० पिनांच्या चपट्या रिबन केबलची होती. तशी डिस्क आता मिळते ती वापरलेली, आणि ती आधी किती तास फिरलेली आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. सुदैवाने मदरबोर्डवर, इतकी वर्षे न वापरलेली, साटाची, म्हणजे आयडीईनंतर आलेल्या बारीक केबलच्या जोडणीची, दोन सॉकेट होती. म्हणून ५०० जीबीची साटा डिस्क घेतली. ज्यांच्या बोर्डावर साटा नाहीच, त्यांच्यासाठी आयडीईला साटा डिस्क जोडणारी छोटी पट्टी मिळते. ती लॅमिंग्टन रोडला सहज सापडते आणि त्यासाठी ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे लागते, इतकाच त्रास.

डिस्क बसवण्यात सांगण्यासारखे फारसे काही नाही. कॅबिनेटचे झाकण काढायचे, पत्र्याला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवायची, चार स्क्रू आवळायचे. जुन्या एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटाची वीजपिन नसते, म्हणून मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या वीजजोडावरून साटा करणारी जोडवायर लागते. ती घेताना प्लास्टिक एकसंध ओतून बनवलेली स्वस्त वायर घेऊ नये, कारण तिच्यात आत तारा एकमेकींना टेकून जळण्याचे प्रकार झालेले आहेत. तारा स्वतंत्रपणे पिनांत दाबून बसवलेली वायर चार पैसे जास्त देऊन घ्यावी.

संगणक सुरू केला. बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरील प्रणालीचा, पहिला पडदा गेल्यावर साटाचा एक स्वतंत्र काळा पडदा आला, त्यावर ‘स्कॅन डिव्हायसेस, प्लीज वेट’ अशी ओळ उमटली आणि ती हलेना. बऱ्याच वेळाने तिच्याखाली पहिल्या सॉकेटसमोर ‘नो ड्राइव्ह’ असे आले. दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहिले, केबल बदलली, वीज दुसऱ्या मोलेक्सवरून घेतली, उत्तर तेच. डिस्कला हात लावला तर ती फिरत असल्याचे स्पष्ट जाणवत होते. बायोसच्या सगळ्या पानांत साटा चालू करण्याचा जो एकच पर्याय होता, तोही चालूच होता.

ज्या दुकानातून डिस्क घेतली ते ठाणे स्टेशनच्या जवळचे आहे आणि तेथे दुरुस्तीही करतात, म्हणून कॅबिनेट रिक्षात घालून तेथे नेले. यापुढचा भाग लिहिताना माझा सूर थोडा कडवट होईल, तो वाचकांनी चालवून घ्यावा. काउंटरवरील मुलाने डिस्क काढून दुकानातील संगणकाला लावली, ती तत्काळ दिसली, आणि माझा संगणक चालू करण्याचीही तसदी न घेता त्याने निकाल दिला, “ताई, डिस्क ओके आहे, तुमचा बोर्ड गेलाय.” मी म्हटले, “याच बोर्डावर मी काल रात्री पत्रिका छापली आहे.” त्यावर त्याने बोर्ड जात आहे, असा भविष्यकाळाकडे झुकणारा निकाल दिला. मग पावती फाडून कॅबिनेट ठेवून घेतले आणि “सर बघतील” असे सांगितले. सरांनी ते पाहिले की नाही हे मला अखेरपर्यंत समजले नाही, कारण फोन केला की “ताई, उद्या सांगतो” एवढेच ऐकू येत असे, आणि प्रत्यक्ष गेल्यावर माझे कॅबिनेट काउंटरखाली मी ठेवले होते त्याच कोनात, त्याच पिशवीत असे.

अखेर एका संध्याकाळी मला नव्या असेंबल संगणकाचे छापील दरपत्रक देण्यात आले. मी विचारले, की बोर्डावरील साटा बिघडला आहे हे कोणत्या चाचणीवरून ठरवले. उत्तर आले, की डिस्क येथे चालते आणि तेथे चालत नाही, म्हणजे दोष तेथे आहे. ऐकायला हे बिनतोड वाटते, आणि अशा उत्तरांचा खरा धोका तोच आहे. दोन सुट्या वस्तू आपापल्या जागी ठणठणीत असूनही एकमेकींशी जुळत नाहीत, ही तिसरी शक्यता त्यात कोणी धरतच नाही. माझ्या बोर्डावर दुसरी एखादी साटा डिस्क, शक्यतो जुनी, लावून पाहा, असे मी सुचवले, तेव्हा जुन्या डिस्का आम्ही ठेवत नाही, असे सांगून मुलगा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. डिस्क परत घेण्यास नकार मिळाला, कारण ती चालत होती. तपासणीचे शुल्क मात्र घेतले गेले. त्या शुल्काच्या पावतीवर तपासणीच्या रकान्यात काहीही लिहिलेले नाही. ती पावती मी जपून ठेवली आहे.

कोपरखैरण्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे २००४ च्या सुमाराची, ८० जीबीची, पहिल्या पिढीतील साटा डिस्क पडून होती. ती आणून माझ्या बोर्डाला लावली आणि ‘प्लीज वेट’ची ओळ पूर्ण वाचून होण्याच्या आत तिचे नाव पडद्यावर आले. म्हणजे बोर्ड गेला नव्हता. भाचा म्हणाला, “मावशी, मग बोर्ड आणि नवी डिस्क दोन्हीही चांगले आहेत, फक्त बोलत नाहीत एकमेकांशी,” आणि नेमके तसेच होते.

साटाची पहिली विनिर्देशिका २००३ मध्ये आली आणि तिचा वेग सेकंदाला १.५ गिगाबिट होता. पुढच्या पिढ्यांत तो ३ आणि नंतर ६ गिगाबिट झाला. संगणक सुरू होताच बोर्ड आणि डिस्क यांनी कोणत्या वेगाने बोलायचे हे आपसांत ठरवून घ्यायचे असते. नवी डिस्क वरच्या वेगापासून आरंभ करते आणि समोरचा मंद असल्यास खाली उतरते, अशी योजना आहे. परंतु पहिल्या पिढीतील काही साउथब्रिज चिपांना (डिस्कांशी बोलणाऱ्या बोर्डावरील चिपांना) ही वाटाघाट जमत नाही. त्यांना वरच्या वेगाची हाक कळत नाही, खाली उतरण्याचा टप्पा येत नाही, आणि शेवटी बायोस डिस्कच नाही असे जाहीर करते. ही अडचण इतकी जुनी व माहितीची आहे, की डिस्क बनवणाऱ्यांनी स्वतःच्या पत्रकांत तिचा उल्लेख करून उपायही दिलेला होता. तो उपाय म्हणजे डिस्कला १.५ गिगाबिटच्या वेगावर बांधून ठेवणारा एक जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी.

साटा डिस्कला जंपर असतो हेच अनेकांना माहीत नसते, कारण आयडीईच्या काळातील मास्टर आणि स्लेव्हची, म्हणजे एका केबलवरील दोन डिस्कांत पहिली कोणती हे जंपरने ठरवण्याची, भानगड साटाने संपवली, असे आपण सर्वांनी ऐकलेले असते. केबल लागते त्या कडेलाच, सॉकेटांच्या बाजूला, पिनांच्या छोट्या जोड्या असतात. वेस्टर्न डिजिटलच्या ज्या डिस्कांवर ही सोय आहे, तेथे ५ आणि ६ क्रमांकांच्या पिना जोडल्या की वेग १.५ गिगाबिटवर येतो. इतर कंपन्यांची मांडणी वेगळी असते, म्हणून डिस्कच्या वरच्या चिठ्ठीवरील आकृती पाहिल्याशिवाय जंपर लावू नये. शेजारच्या जोडीचा अर्थ निराळा असू शकतो. जंपर मी बंद पडलेल्या एका आयडीई सीडी ड्राइव्हच्या मागून काढला. काही डिस्कांच्या पिना अधिक दाट असतात आणि त्यांना लहान मापाचा जंपर लागतो, तो या मार्गाने मिळणार नाही. अलीकडच्या पुष्कळ डिस्कांवर वेग बांधण्याची सोयच उरलेली नाही, तेव्हा जुन्या संगणकासाठी डिस्क घेणाऱ्याने दुकानातच पिशवी उलटी करून पिना आणि आकृती दोन्ही पाहून घ्यावीत.

जंपर लावला, संगणक सुरू केला आणि पहिल्या सॉकेटसमोर ५०० जीबीच्या डिस्कचा पूर्ण क्रमांक उमटला. मला जो आनंद झाला त्यात त्या दरपत्रकाचा वाटा मोठा होता, हे नाकारत नाही. वेग कमी केल्याने नुकसान होते का, असे काही जणांनी विचारले. १.५ गिगाबिट म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे १५० मेगाबाइट, आणि या वर्गातील फिरती डिस्क सलग वाचतानाही बहुधा त्याच्या आतच राहते. पेजमेकरची फाइल उघडताना तर हा फरक जाणवण्याचा प्रश्नच नाही.

यानंतरची कामे एकामागून एक झाली. एक्सपीच्या सीडीत माझ्या बोर्डावरील साटा चिपचा ड्रायव्हर (ती चिप विंडोजला ओळखू देणारी प्रणाली) नसतो आणि नव्याने स्थापना करताना एफ६ दाबून तो फ्लॉपीवरून द्यावा लागतो. आज फ्लॉपी शोधत फिरण्यापेक्षा सोपा मार्ग असा, की जुन्या डिस्कवरील एक्सपी चालू असतानाच नवी डिस्क सोबत जोडायची, ड्रायव्हर तेथेच बसवायचा आणि मग क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रणालीच्या सीडीवरून सगळी डिस्क नवीवर उतरवायची. हा क्रम चुकला तर निळा पडदा येतो आणि त्यावरील क्रमांकाच्या शेवटी ७बी असते. नक्कल झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर एक्सपी ड्राइव्हच्या अक्षरांत घोळ घालते. बायोसच्या बूटक्रमात (कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे त्या क्रमात) माझ्या बोर्डावर साटा डिस्क हार्ड डिस्कच्या यादीत दिसत नाही, तिच्यासाठी ‘स्कझी’ (दुसऱ्या एका प्रकारच्या डिस्कजोडणीचे नाव) हा पर्याय निवडावा लागतो.

क्षमतेविषयी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. सर्व्हिस पॅक, म्हणजे सुधारणांचा संच, न टाकलेल्या मूळ एक्सपीला १३७ जीबीच्या पुढची डिस्क दिसत नाही, कारण २८ बिटांत त्याहून अधिक सेक्टर मोजता येत नाहीत. निदान सर्व्हिस पॅक १ असलाच पाहिजे. दुसऱ्या टोकाला, ३२ बिटांच्या एक्सपीला २.२ टीबीपलीकडची डिस्क पूर्ण वापरता येत नाही. ५०० जीबीऐवजी ४६५ दिसले तर ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

डिस्क ४ केबीच्या सेक्टरांची असेल, आणि २०११ नंतरच्या बहुतेक तशाच आहेत, तर आणखी एक काम उरते. एक्सपी डिस्कचा पहिला भाग (पार्टिशन) ६३ व्या सेक्टरपासून आखते, तो ४ केबीच्या सीमेवर येत नाही आणि लिहिण्याचा वेग घसरतो. नवे भाग एक्सपीत न आखता जीपार्टेड या भाग पाडणाऱ्या प्रणालीमध्ये एक मेबीबाइटच्या (१०२४ च्या पटीत मोजलेल्या मेगाबाइटच्या) सीमेवर आखावेत. जुन्या अंकांच्या फाइलींसाठीचा माझा दुसरा भाग मी तसाच आखला.

बायोसमधील हे सगळे पर्याय बोर्डावरील सीआर२०३२ सेलच्या जोरावर टिकतात. सेल उतरला की बूटक्रम मूळपदावर जातो आणि संगणक पुन्हा सुरू होत नाही. जुन्या यंत्राचे झाकण उघडलेलेच असताना तो सेल बदलून घ्यावा आणि बायोसची पाने मोबाइलवर टिपून ठेवावीत.