चार ओले सड

माझ्या रजिस्टरात माझ्याच अक्षरात नोंद आहे: मादी, काळी-पांढरी, वय अंदाजे दोन वर्षं, ओले सड, म्हणजे पिल्लं लुचत असलेले, 4. पिल्लं सापडली तीन. तीन आठवडे झाले, तरी हा हिशेब डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडच्या कापूसपट्ट्यात माझा खाजगी दवाखाना आहे. पोट भरतं ते गाई, म्हशी आणि शेळ्यांवर. मांजरांच्या नसबंदीचं काम गेल्या दोन वर्षांत सुरू झालं आणि ते जिनिंगमुळेच, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यामुळे. जिनिंगमध्ये सरकी असते, सरकीवर उंदीर येतात, उंदरांमागे मांजरं येतात. या जिनिंगच्या मालकांनी आदल्या वर्षी सगळी मांजरं पोत्यांत कोंबून दूर कुठंतरी सोडायला लावली होती. असं पोत्यात कोंबून नेणं 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. मांजरं हलवून फायदाही काही झाला नाही. जागा रिकामी झाली आणि खाणं होतं तेवढंच राहिलं, म्हणून आजूबाजूच्या शिवारातली मांजरं आत सरकली. पुढच्या हंगामापर्यंत आवारात पुन्हा तेवढीच मांजरं आणि पिल्लं होती. तीच मांजरं नसबंदी करून त्याच जागी परत सोडली, तर ती आपली हद्द धरून राहतात आणि संख्या हळूहळू उतरते. मालकांना हे पटवायला मला दोन महिने लागले.

पकडणं हे निम्मं काम. पिंजरा संध्याकाळी लावायचा, आत टोकाला आठवडी बाजारातले सुके बोंबील. मांजराचा पाय पाटीवर पडला की मागं दार खाली येतं. त्याच क्षणी पिंजऱ्यावर गोणपाट टाकायचं, कारण अंधार झाला की धडका देणारं मांजर दोन मिनिटांत शांत बसतं. हे न केल्यामुळे नाकं फोडून घेतलेली मांजरं मी पाहिली आहेत. सकाळी सरकत्या जाळीनं त्याला एका बाजूला दाबून मांडीच्या स्नायूत झायलाझिन-केटामिनचं इंजेक्शन द्यायचं. केटामिनमध्ये डोळे उघडेच राहतात, म्हणून आधी डोळ्यांत मलम घालायचं. मग शस्त्रक्रिया, रेबीजची लस आणि डाव्या कानाचं टोक सरळ कापणं. तो कापलेला कान दुरून दिसतो आणि तेच मांजर पुन्हा टेबलावर येत नाही. कान कशाला बिघडवता, असं विचारणारे खूप भेटतात. नसबंदी झालेल्या मादीचं पोट पुन्हा उघडणं त्यांना चालेल का, असं मी त्यांना विचारते.

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. रात्री नऊला काळी-पांढरी मादी पिंजऱ्यात आली. अशा मांजरीला हात लावता येत नाही, त्यामुळे पोटाखाली काय आहे ते बेशुद्ध झाल्यावरच कळतं. सकाळी साडेआठला सहायकानं तिला उताणी केली आणि मी थांबले. आठपैकी चार सडांभोवतीचे केस दोन्ही बाजूंना चपटे झालेले, कातडी गुलाबी, आणि दाबल्यावर दूध. बाकीचे चार कोरडे.

दिवस लहान असताना मांजरी माजावर येत नाहीत, हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. ती पुस्तकं थंड देशांतली. आपल्याकडे मांजरी वर्षभर वितात, आणि जिनिंगच्या आवारात तर दसऱ्यानंतर रात्रभर मोठे दिवे जळत असतात. मांजरीच्या शरीराला उजेड हाच दिवस. मांजरीच्या गाभणपणाचे दिवस 63 ते 65. मागे मोजत गेलं की नोव्हेंबरचा मध्य येतो, म्हणजे हंगाम ऐन भरात आणि दिवे लागलेले. हे मला टेबलाशी उभी असताना सुचलं. पिंजरा लावण्याआधी सुचायला हवं होतं.

तिला तशीच सोडावी का? एकदा फसलेली मांजरी पुन्हा पिंजऱ्याकडे सहसा फिरकत नाही, आणि पिल्लं अंगावर असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. मी शस्त्रक्रिया करायचं ठरवलं. छेद मधोमध न घेता डाव्या कुशीत घेतला, सव्वा सेंटीमीटरचा. तिथं दुधाच्या गाठींना धक्का लागत नाही, पिल्लं लुचताना टाक्यावर येत नाहीत, आणि सोडल्यावर जखम लांबूनही दिसते. टाके आतले आणि विरघळणारे. अंडाशय काढल्यानं दूध आटत नाही, ही एक गोष्ट माझ्या बाजूनं होती. बारा मिनिटांत काम झालं. हा छेद मी चांगला घेते, हे मला ठाऊक आहे.

हात धुता धुता मी मुकादमाला फोन लावला. पिल्लं कुठं असतील, तर तो म्हणाला, "मॅडम, मले काय मालूम? लाईन लागली ट्रॅक्टरची, आठ वाजतापासून मशीन चालू हाय." मी मशीन थांबवायला सांगितलं. त्यानं थांबवलं नाही. माणूस वाईट नाही, पण अर्धा तास मशीन थांबवायला त्याला मालकाचा फोन लागतो, आणि मालक सकाळी फोन उचलत नाहीत.

दहाला मी पोहोचले. तीन नंबरची गंजी, म्हणजे कापसाचा ढीग, अर्धी संपलेली. कापूस ओढून मशीनकडे नेणाऱ्या सक्शन पाईपचं तोंड त्यात होतं. सरकी झाडणारी मावशी मला पाहून पुढं आली. म्हणाली, "थे मांजर याच गंजीत जात जाय ना बाप्पा. दहा-बारा दिवस झाले. म्या रोज पाहो."

"मग सांगितलं का नाही मावशी?"

"तुमी इचारलंच कुठं? तुमी त मुकादमाशी बोलत जा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवडाभर मी त्या आवारात येत होते. पिंजरे कुठं ठेवायचे ते मुकादमाला विचारलं, विजेच्या तारा कुठं ते विचारलं, रात्री गेट कोण उघडेल तेही विचारलं. दिवसभर जमिनीशी वाकून काम करणाऱ्या चार बायांना एक शब्द विचारला नव्हता.

पाईप बंद करायचं मावशीनंच केलं. सरळ जाऊन चालवणाऱ्या पोराला म्हणाली, "बंद कर रे." त्यानं बंद केलं. मग आम्ही सहाजणी हातांनी कापूस उपसत गेलो. गुलाबी बोंडअळीनं किडलेल्या कापसाच्या चिकटलेल्या कवड्या, पाचोळा, धूळ. हातभर आत एक पोकळी लागली, कापूस चेपून गोल केलेली, आणि त्यात तीन पिल्लं. डोळे नुकते उघडलेले. तेरा तास उपाशी असूनही अंग कोमट होतं, इतकी ऊब कापूस धरून ठेवतो.

ती पोकळी एका बाजूनं उघडी होती. त्या बाजूचा कापूस गेलेला होता.

मुकादमाकडून मी दगडखडे अडवणारी पेटी उघडून घेतली. या वेळी त्यानं काही न बोलता उघडली. आत माती, दोन गोटे, एक खिळा. मग मी जिनिंग हॉलमध्ये गेले आणि रुळांमागून पडणारी रुई बराच वेळ पाहत राहिले. पांढरीच होती.

पिल्लांना दवाखान्यात आणून आधी गरम पाण्याच्या बाटलीशी ठेवलं, कारण गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात काही घालायचं नसतं. नंतर कोमट ग्लुकोजच्या पाण्याचे थेंब दिले. गुंगीतल्या आईजवळ पिल्लं देता येत नाहीत, ती चावू शकते किंवा अंगाखाली घेऊ शकते. चार वाजता तिची मान ठरली, साडेपाचला ती गुरगुरायला लागली. दिवे लागायच्या सुमारास तिला आवारातच, लाकडाच्या ढिगाजवळ सोडलं आणि पिल्लांचं खोकं दहा पावलांवर ठेवलं.

ती आधी पळाली. वीस मिनिटांनी परत आली. एकेकाला मानेशी धरून लाकडांच्या मागं नेलं. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्यांदा आली, रिकाम्या खोक्यात डोकं घातलं, मग चालत तीन नंबरच्या जागेवर गेली. तिथं आता नुसता झाडलेला ओटा होता. ती त्यावर हुंगत फिरली आणि मधोमध बसली.

मांजरी शेवटचं पिल्लू हलवल्यावरही जुनी जागा एकदा तपासायला जातात. पिल्लं आपापला सड धरून ठेवतात हे खरं, पण तीन पिल्लं चार सडही ओले ठेवू शकतात, भुकेलं पिल्लू सड बदलतं. हे दोन्ही मला माहीत आहे आणि दोन्ही मी स्वतःला रोज सांगते. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "मोजले नाई बाप्पा. अंधारात नुसते डोये दिसत." ती मांजरी तीन संध्याकाळी त्या ओट्यावर आली, असंही तिनंच सांगितलं.

आवारात अजून दोन माद्या आणि एक बोका कान न कापलेले आहेत. सोमवारी जाणार आहे. पिंजरे गाडीतच ठेवीन. बाया साडेबाराला सावलीत डबे सोडतात, तेव्हा त्यांच्यात जाऊन बसेन.