ब्रेडशिवाय सँडविच आणि रॅप: कुठवर आलंय काम

गव्हाशिवाय, कमी कार्बचे (कर्बोदकांचे) सँडविच आणि रॅप करायचे माझे प्रयोग चालू आहेत, आणि जवसाचा रॅप आता चीर न पडता गुंडाळला जातो, ही या वेळची सगळ्यात मोठी बातमी. कृती पुढे आहे. त्याआधी एक गोष्ट मांडते, कारण तिच्यामुळे माझ्या प्रयोगांची दिशाच बदलली.

सँडविचच्या ब्रेडला वजन पेलायचं असतं, आतली ओल शोषायची असते आणि खाणाऱ्याचे हात कोरडे ठेवायचे असतात. रॅपला मुख्यतः वाकायचं असतं. गव्हात ही सगळी कामं ग्लुटेन आणि स्टार्च वाटून घेतात. ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं भिजून मळली की त्यांचं ताणलं जाणारं जाळं तयार होतं, आणि स्टार्च भाजताना पाणी पिऊन फुगतो व त्या जाळ्यात घट्ट बसतो. कार्ब कमी करायचे म्हणजे नेमका हा स्टार्च काढायचा. साध्या पांढऱ्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण 12 ते 15 ग्रॅम कार्ब असतात, म्हणजे भरण मोजायच्या आधीच एका सँडविचचे 25 ते 30 ग्रॅम झाले. स्टार्च गेला की त्याची सगळी कामं एकटा पेलेल असा पदार्थ मला अजून सापडलेला नाही. म्हणून आता मी आधी आत काय भरायचं ते ठरवते आणि मग त्याला झेपेल असं आवरण निवडते.

पानांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्यावर बहुतेकांचा हात बसलेला असतो. आइसबर्ग लेट्युसमध्ये सुमारे 95 टक्के पाणी आणि 100 ग्रॅममागे जेमतेम 3 ग्रॅम कार्ब. कोरड्या, थंड भरणासाठी ते उत्तम. गरम भरण घातलं की पान लगेच मान टाकतं. गरम भरणासाठी कोबीचं पान घ्या: मधली जाड शीर सुरीने तासून पातळ करायची, पान अर्धा ते एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवायचं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचं. मग ते कापडासारखं दुमडतं. पुसून मात्र अगदी कोरडं करायचं. पानांच्या रॅपमधून पाणी गळतं असं म्हणतात, पण ते बऱ्याचदा धुतल्यानंतर पानावर राहिलेलं पाणीच असतं.

अंड्याचा रॅप हा माझा रोजचा. दोन अंडी, एक छोटा चमचा इसबगोलाची पूड, चिमूटभर मीठ. फेटून दहा मिनिटं ठेवायचं म्हणजे इसबगोल पाणी धरतं. मग मंद आचेवर, रुंद तव्यावर, पातळ पसरून झाकण. मंद आचेवर माझा भर आहे, कारण आच जास्त झाली की अंड्यातली प्रथिनं आवळत जातात आणि पाणी बाहेर ढकलतात. रॅप एकाच वेळी रबरासारखा आणि ओला लागतो तो त्यामुळे. कडा सुटल्या आणि वरचा भाग चमकायचा थांबला की उतरवायचा. उलटायची गरजही पडत नाही. भाजलेलं चिकन, मशरूम, परतलेल्या भाज्या यांच्यासोबत हा छान जमतो. ट्यूना-मेयोनेजसारख्या मऊ भरणासोबत मला तो आवडत नाही. सगळंच मऊ होतं, दाताखाली काही लागत नाही.

चीजचं आवरण दिसायला सगळ्यात सुंदर. मोझरेला किंवा चेडरचे स्लाइस बेकिंग पेपरवर कडा एकमेकांवर येतील असे मांडून 190 अंश सेल्सिअसला सहा ते आठ मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत. बाहेर काढल्यावर एक-दोन मिनिटं थांबायचं. तेवढ्या वेळात ते हाताळण्याइतकं थंड होतं पण वाकतं, आणि हवा तो आकार तेव्हाच द्यायचा. पार्मेझानसारख्या जुन्या, कोरड्या चीजचा रॅप होत नाही, कुरकुरीत चकती होते. उघड्या सँडविचला खाली ठेवायला ती झकास. आणि चीज अखंड घेऊन घरीच किसावं. तयार किसलेल्या चीजला गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुधा स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे ते एकसंध वितळत नाही.

चॅफल, म्हणजे एक अंडं आणि अर्धा कप मोझरेला वॉफलच्या साच्यात, तुम्हा सगळ्यांना माहीत आहेच. त्यात एक मोठा चमचा बदामाचं पीठ घातलं की अंड्याचा वास कमी होतो आणि पोत ब्रेडकडे झुकतो. साच्यातून काढल्यावर जाळीवर ठेवा. ताटात ठेवलं तर खालच्या वाफेने मऊ पडतं.

आता इसबगोलाचा बन, ज्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. लो-कार्ब बेकिंगमध्ये ग्लुटेनच्या सगळ्यात जवळ जाणारं काही असेल तर हेच, असं माझं ठाम मत झालंय. इसबगोलाच्या सालीतलं फायबर पाणी शोषून दाट जेल बनवतं. हे जेल ताणलं जातं आणि बेकिंग पावडरने सुटलेला वायू धरून ठेवतं. भाजताना त्याच्या भोवतीचं अंड्याचं पांढरं आणि बदामाची प्रथिनं घट्ट होतात आणि आकार टिकतो. माझं सध्याचं प्रमाण असं: बदामाचं बारीक पीठ 125 ग्रॅम, इसबगोलाची पूड 45 ग्रॅम, बेकिंग पावडर 2 छोटे चमचे, मीठ 1 छोटा चमचा, व्हिनेगर 2 छोटे चमचे, तीन अंड्यांचं पांढरं आणि उकळतं पाणी 240 मिलिलिटर. कोरडं सगळं आधी नीट एकत्र, मग पांढरं आणि व्हिनेगर, शेवटी पाणी. पाणी पडल्यावर अर्ध्या मिनिटाच्या वर ढवळायचं नाही. ओल्या हाताने सहा गोळे, मध्ये भरपूर जागा ठेवून, 175 अंशांवर 50 ते 60 मिनिटं. एका बनात निव्वळ कार्ब (एकूण कार्ब वजा फायबर) सुमारे 2 ते 3 ग्रॅम येतात.

यात तीन गोष्टींनी सगळा फरक पडतो. पहिली, इसबगोल वजनानेच घ्यायचं. अख्ख्या सालीचा चमचा आणि पुडीचा चमचा यांत वजनाचा मोठा फरक असतो, आणि चमच्याने मोजलं की एकदा बन दगड, एकदा चिखल. दुसरी, वेळ. बाहेरून रंग आला म्हणजे आतून झालं असं नाही, कारण बदामाचं पीठ लवकर करपतं आणि इसबगोलाचं जेल पाणी सोडायला फार वेळ घेतं. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 95 ते 98 अंश दिसायला हवेत. रंग आधीच गडद झाला तर वर फॉइल टाका आणि भाजणं चालू ठेवा. तिसरी, बन पूर्ण थंड झाल्याशिवाय कापायचा नाही. गरम असताना जेल अजून सैल असतं, कापला की आत चिकट लागतो. तोच बन थंड झाल्यावर नीट कापला जातो. मग कापलेली बाजू तव्यावर थोड्या बटरवर शेकली की बर्गरचं वजनही पेलतो.

काहींचा बन जांभळा होतो. घाबरू नका, तो इसबगोलाचाच गुण आहे आणि खायला काही हरकत नसते. वेगळ्या ठिकाणचं इसबगोल वापरून पाहा. असाच रंग बदलणारं दुसरं म्हणजे सूर्यफुलाच्या बियांचं पीठ. बदाम चालत नसेल त्यांच्यासाठी ते फार चांगलं, पण सोड्याबरोबर भाजलं तर थंड होताना आतून हिरवं होतं. बियांतलं क्लोरोजेनिक आम्ल अल्कलीशी भेटलं की हा रंग येतो. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर वाढवलं की रंग आटोक्यात राहतो.

नारळाचं पीठ बदामाच्या जागी सरळ घालू नका. ते इतकं पाणी पितं की बदामाच्या पिठाच्या पाव ते एक तृतीयांशच लागतं, आणि वर अंडीही वाढवावी लागतात. चव गोडसर असते. मला ते खारट सँडविचमध्ये रुचत नाही, पण बदामाच्या पिठात थोडंसं मिसळलं की रॅपचं पीठ लाटायला सोपं जातं, म्हणून डबा ठेवलेला असतो.

आणि आता जवस. 100 ग्रॅम जवसात सुमारे 29 ग्रॅम कार्ब दिसतात, पण त्यातले 27 ग्रॅम फायबर असतं. शिवाय गरम पाण्यात जवस बुळबुळीत, चिकट द्रव सोडतं, आणि तो चिकटपणाच पीठ बांधतो. अंडं, चीज काहीही लागत नाही, त्यामुळे दूध-अंडी न खाणाऱ्यांसाठी माझ्या माहितीत याच्याइतका सरळ रॅप दुसरा नाही. ताजी दळलेली जवसाची पूड 150 ग्रॅम, मीठ, आणि उकळतं पाणी 200 ते 240 मिलिलिटर. गॅस बंद करून पूड एकदम पाण्यात घालायची आणि गोळा भांडं सोडेपर्यंत ढवळायचं. हाताला सोसेल इतकं थंड झालं की पाच भाग करून दोन बेकिंग पेपरमध्ये लाटायचं आणि झाकणाने गोल कापायचं. कोरड्या, चांगल्या तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजू एक ते दीड मिनिट.

न चिरण्याचं गमक दोन ठिकाणी निघालं. एक म्हणजे पूड खरंच बारीक हवी. भरड असली की दाण्याच्या सालीचे तुकडे पिठात राहतात आणि वाकवताना चीर तिथूनच सुरू होते. मी दळून चाळते आणि वर राहिलेलं पुन्हा दळते. दुसरं म्हणजे तव्यावरून काढल्यावर लगेच एकावर एक रचून कापडात गुंडाळायचं. स्वतःच्याच वाफेने ते मऊ होतात. उघडे ठेवले तर बघता बघता कडक. एका रॅपमध्ये निव्वळ कार्ब एक ग्रॅमच्या आत, आणि फायबर मात्र 8 ग्रॅमच्या आसपास. सवय नसेल तर पहिल्या दिवशी दोन-तीन खाऊ नका, आणि पाणी भरपूर प्या. इसबगोलालाही हेच लागू. औषधं चालू असतील तर ती आणि इसबगोल यांत अंतर ठेवा, कारण ते औषधाचं शोषण कमी करू शकतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं घेणाऱ्यांनी कार्ब कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. डोस तोच ठेवून कार्ब उतरवले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

तयार लो-कार्ब रॅप विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकी लेबलवर एकूण कार्बमध्ये फायबर धरलेलं असतं, म्हणून ते वजा करून निव्वळ आकडा काढतात. युरोपीय लेबलवर कार्बचा आकडा फायबर सोडूनच दिलेला असतो. तिथे पुन्हा वजा केलं तर हिशेब खोटा येतो. शिवाय अशा बऱ्याच रॅपमध्ये गव्हाचं ग्लुटेन वेगळं काढून घातलेलं असतं. कार्ब कमी असले तरी ग्लुटेन न चालणाऱ्यांनी ते घेऊ नयेत.

साठवणीत हे पदार्थ ब्रेडपेक्षा वेगळे वागतात. साधा ब्रेड फ्रीजमध्ये लवकर शिळा लागतो, कारण थंडीत स्टार्चचे रेणू पुन्हा कडक रचना धरतात. इथे स्टार्चच नगण्य, त्यामुळे तो त्रास जवळपास नाही. पण ओल जास्त असल्याने बुरशी लवकर धरते. बन आणि रॅप बाहेर ठेवायचे नाहीत: फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये. दळलेलं जवसही फ्रीझरमध्येच. बाहेर त्यातलं तेल खवट होतं. क्लाउड ब्रेड (फेटलेली अंडी आणि क्रीम चीज यांचा हलका ब्रेड) मात्र हवाबंद डब्यात रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी खा, ताज्यापेक्षा जास्त ब्रेडसारखा लागतो.

पुढचा बेत ल्युपिनच्या, म्हणजे एका कडधान्याच्या, पिठाचा आहे. त्यात प्रथिनं आणि फायबर दोन्ही प्रत्येकी 40 टक्क्यांच्या आसपास, स्टार्च अगदी थोडा, म्हणजे कागदावर तरी बनाला हवं तसं. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी यापासून लांब राहावं, दोन्ही एकाच कुळातले आणि एकाची ॲलर्जी दुसऱ्यालाही लागू पडू शकते. सुरुवात बदामाच्या पिठाचा एक चतुर्थांश भाग बदलून करणार आहे, बाकी प्रमाण वर दिलंय तेच. कुणी आधी वापरलं असेल तर त्याचा कडवटपणा किती जाणवतो आणि पाणी किती वाढवावं लागलं, तेवढं जरूर सांगा.