मागची साइट का हलते

रविवार, पर्वरी, गोवा. सकाळपासून रिपरिप.

जुन्या स्प्रिंगच्या एअर रायफलची मागची साइट, म्हणजे नेम धरायची डोळ्याकडची खूण, हलायला लागली की हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो, आणि तिथेच चुकतं. रायफल कॉक केलेली (स्प्रिंग दाबून झाडायला तयार) नाही, नळीत छर्रा नाही, हे आधी बघायचं. मग साइट चिमटीत धरून हलवायची आणि दुसऱ्या हाताचं नख जोडावर टेकवायचं. फट उघडते-मिटते ते नखाला लगेच कळतं. कारण तिघांपैकी एक: साइटची बैठक (तळाचा भाग) रायफलवरच्या खाचेत हलते, साइटच्या वर-खाली होणाऱ्या पट्टीची पिन झिजलेली असते किंवा डाव्या-उजव्याची सरक ढिली असते. पट्टी दाबल्यावर खाली जाऊन वर येते, तो मात्र दोष नाही. ते स्प्रिंगचं कामच.

बहुतेक वेळा बैठकच. स्प्रिंगची रायफल दोनदा झटका देते, पिस्टन सुटताना मागे आणि थांबताना पुढे, त्यामुळे स्क्रू हळूहळू सैल होतो. आपल्याकडे भर खाऱ्या हवेची. खाचेत तांबूस भुकटी साठते, स्क्रू तिच्यावरच आवळला जातो, पंचवीस-तीस छर्ऱ्यांत भुकटी चुरते आणि साइट पुन्हा डुलते. दोन्ही साइटींत ४५० मिमी अंतर असेल, तर ०.१ मिमी हालचालीने १० मीटरवर छर्रा २.२ मिमी सरकतो. मॅचच्या कागदावरचा दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा!

म्हणून साइट पूर्ण उतरवायची. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत गच्च बसणारंच हवं, नाहीतर डोकं खरवडतं. गंज तेल लावून बारीक स्टील वूलने काढायचा. कानस अजिबात नको, गेलेलं लोखंड परत येत नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाच आणि आटे दोनदा पुसायचे. तेलकट आट्यांवर थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) धरतच नाही. तरी बैठक सैल वाटली, तर कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी एका बाजूला सरकवायची.

बारीक स्क्रूला जांभळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब पुरे. लाल नको, तो सोडवायला तापवावं लागतं, साइटच्या स्प्रिंगा बिघडतात. प्लॅस्टिकच्या साइटला कुठलाच लावू नये, तडे जातात. तिथे स्क्रूच्या डोक्यावर बाहेरून नेलपॉलिशचा ठिपका. मग २४ तास हात लावायचा नाही.

शेवटी बैठक आणि तिच्याखालचं रायफलचं नळकांडं यांवरून पेन्सिलची एक आडवी रेघ. वीस छर्रे मारून बघायचं. रेघ तुटली नाही आणि छर्रे तरी पसरले, तर साइटला सोडा, नळीच्या बिजागरीचा बोल्ट तपासा.