फोटोत दोन तुकडे आणि हातात झोळी

गोडी छाटणीच्या, म्हणजे फळ धरण्यासाठी वेली छाटायच्या दिवसांत द्राक्षवाले शेतकरी माझ्या ओपीडीत सहसा दिसत नाहीत. गुडघा, कंबर, टाच, सगळी दुखणी दिवाळीनंतरवर ढकललेली असतात. त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका सोमवारी पिंपळगाव बसवंतकडचं आख्खं घर केबिनमध्ये शिरलं, तेव्हाच वाटलं की काहीतरी मोडलंय.

सव्वीसेक वर्षांचा मुलगा, उजवा कोपर डाव्या हाताने खालून धरलेला, मान उजवीकडे कललेली. माणूस असा बसला की गळ्याजवळचं आडवं हाड, म्हणजे कॉलर बोन, मोडलंय हे एक्स-रेचा फोटो बघायच्या आधीच कळतं. रात्री सर्व्हिस रोडवरच्या चिखलात गाडी घसरली आणि तो थेट खांद्यावर पडला. हे हाड बहुतेक वेळा असंच मोडतं, आणि दहातल्या आठ जणांचं मधोमधच.

फोटोही तसाच होता. छातीकडचा तुकडा मानेच्या स्नायूने वर ओढलेला, खांद्याकडचा हाताच्या वजनाने खाली आलेला, आणि दोन्ही एकमेकांवर साधारण दीड सेंटिमीटर चढलेले. बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असं चित्र. तो फोटो माझ्याकडे यायच्या आधी पुण्यातल्या कुणा भाच्यापर्यंत पोहोचला होता. भाचा ‘मेडिकल लाइन’ला होता आणि त्याने ‘प्लेट टाकावीच लागेल’, म्हणजे ऑपरेशन करून हाडावर धातूची पट्टी बसवावी लागेल, असं सांगूनही टाकलं होतं.

मी मनगटावरची नाडी पाहिली, बोटं हलवून घेतली, कुठे बधिर वाटतंय का विचारलं, स्टेथोस्कोप लावून छाती ऐकली. या हाडाच्या खालूनच हाताच्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात, फुप्फुसाचं टोकही तिथेच असतं. सगळं ठीक होतं. हाडाच्या टोकावरची कातडी सुजली होती, पण ताणून पांढरी पडलेली नव्हती. म्हटलं, ऑपरेशन नको, हात गळ्यात अडकवायची कापडी झोळी पुरे.

मुलाचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणत होते, खुर्चीत पुढे सरकले. “डॉक्टर साहेब, दोन तुकडे डोळ्यांना दिसू राहिले अन् तुम्ही झोळी देऊ राहिले?”

“मग निदान प्लास्टर तरी,” मामांनी सुचवलं.

या हाडाला प्लास्टर बसत नाही. प्लास्टर घालायचं तर हाडाच्या वरचा आणि खालचा सांधा जखडावा लागतो. इथे एक सांधा छातीच्या फळीला आणि दुसरा खांद्याला. श्वास घेतला तरी हाड थोडं हलतंच. मामांना त्यांच्या तरुणपणी दोन्ही काखांतून आवळलेली आठाची पट्टी आठवत होती, काखेत झालेल्या जखमांसकट. ती मी आता देत नाही. पट्टी बांधा नाहीतर झोळी द्या, हाड सारखंच जुळतं आणि झोळीचा त्रास कमी होतो, हे तुलना करून पाहिलेलं आहे.

खरं सांगायचं तर ऑपरेशन करू या, हे पटवायला दोन मिनिटं लागतात आणि नको, हे पटवायला अर्धा तास. त्यात मामांनी खिशातून मेडिक्लेमचं कार्ड काढलं. ॲडमिट झाल्याशिवाय बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत. झोळीचा खर्च खिशातून आणि प्लेटचा कंपनीकडून, म्हटल्यावर प्लेट स्वस्त वाटणारच!

मग मी आकडे सांगितले, कारण नानांसारखी माणसं आकड्यांनीच ऐकतात. अमेरिकेतल्या चार्ल्स नीअर यांनी १९६० साली ऑपरेशनशिवाय उपचार केलेल्या २,२३५ रुग्णांची नोंद मांडली. त्यात हाड न जुळलेले फक्त ३ होते. पण हे अर्धंच चित्र. २००७ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी याच्यासारखी, पूर्ण सरकलेली हाडं तपासली. झोळीवाल्या ४९ जणांपैकी ७ जणांचं हाड जुळलं नाही, प्लेटवाल्या ६२ पैकी २ जणांचं. प्लेटवाल्यांचा हातही आधी कामाला लागला. म्हणजे सातातल्या एकाला पुढे ऑपरेशन लागू शकतं, आणि ते तेव्हाही करता येतं. उरलेल्या सहा जणांना कातडीवर चीर कशाला?

नाना पैसे भरायला बाहेर गेले, तेव्हा मी मुलाला हळूच विचारलं, “सिगारेट किती?”

तो दाराकडे बघत म्हणाला, “दिवसाला पाच-सहा. घरी माहीत नाही.”

“हाड न जुळायचं ते एक मोठं कारण आहे. झोळी एकवेळ सैल झाली तर चालेल, सिगारेट नाही.”

नाना परत आले ते वेगळाच प्रश्न घेऊन. रोज झोळी सोडून बघायला कुणी यायचं? कुणीच नाही, म्हटलं. त्यावर तेच म्हणाले, “म्हंजे डॉगरिजवर कलम बांधल्यावानी. सोडून सोडून बघितलं का गेलं.” डॉगरिज म्हणजे ज्याच्यावर द्राक्षाचं कलम बांधतात तो खुंट. तिथून पुढे मला फार बोलावं लागलं नाही. आत्याबाईंनी गावातल्या हाडवैद्याकडून चोळून घ्यायचं काढलं, तर नानांनीच त्यांना गप्प केलं.

राहिला छाटणीचा प्रश्न. इंग्रजी वाय अक्षरासारख्या खांबांवर वेली चढवलेल्या मांडवाखाली हात डोक्याच्या वर धरून दिवसभर कात्री चालवायची, आणि मी तर सहा आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही म्हणत होतो. शेवटी पेठ तालुक्याकडची मजुरांची टोळी दोन माणसं वाढवून घ्यायची ठरली आणि छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावायचं काम मामांच्या गळ्यात पडलं. मुलाला सांगितलं: पहिले काही दिवस पाठीशी उशा घेऊन अर्धवट बसूनच झोप, बोटं आणि मनगट सतत हलव, कोपर दिवसातून चार-पाच वेळा झोळीबाहेर काढून सरळ कर. हाताला मुंग्या आल्या किंवा दम लागला तर लगेच निघून ये.

त्याच आठवड्यात सिन्नरकडचा एक गृहस्थ आला. त्याच्या हाडाचं टोक कातडीला आतून असं टेकलं होतं की वरचा भाग पांढराफटक दिसत होता. त्याला मी दुसऱ्याच दिवशी टेबलावर घेतला. झोळी सगळ्यांसाठी नसते.

तिसऱ्या आठवड्यात मुलाचं दुखणं बरंच उतरलं, तेव्हा पुढे वाकून हात लोंबता ठेवून झुलवायचा व्यायाम दिला. सहाव्या आठवड्याच्या फोटोत तुकड्यांभोवती धुरकट सावली दिसली. नवं हाड आधी असंच दिसतं. जानेवारीत तो आला तेव्हा हात पूर्ण वर जात होता, दाबून दुखत नव्हतं आणि फोटोत हाड जुळलेलं होतं, थोडं आखूड, थोडं वाकडं. द्राक्षाचे भरलेले क्रेट आणखी महिनाभर दुसऱ्यांनी उचलावेत, असं सांगितलं.

या वेळी बोलली ती आई. “हाडावरची ही गाठ राहणार का? पोराचं लग्नाचं बघू राहिलो आम्ही.”

थोडी बसेल, पण राहील, म्हटलं. लहान मुलांची गाठ वर्षभरात विरून जाते, मोठ्यांची नाही. प्लेट टाकली असती तर गाठीऐवजी चार बोटं लांब व्रण दिसला असता. हे ऐकून ती हसली, पण निघताना तिने पुन्हा एकदा त्याच्या शर्टाची कॉलर वर ओढून पाहिली.